मंदाच्या उंचीची काठी

गंगाराम गवंड्याला पुरलं त्या दिवशी दोन फुटांवर जांभा दगड लागला. खणणारा पहार टाकून म्हणाला, "बाबा, इथं चालत नाय. पलीकडं घेऊया." मी म्हटलं, "पलीकडं काय लोणी आहे? सगळ्या रत्नागिरीखाली हेच आहे. आण ती पहार." माझं वय बाहत्तर. दहा घाव घातले आणि खाली बसलो. पण घातले. जन्मभर त्यानं ह्या दगडाशी झुंज घेतली, शेवटची दोन फुटं माझ्याकडून व्हायला पाहिजे होती.

तो माझा जोडीदार. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत बांधताना दोन गवंडी लागतात. एक ह्या कोपऱ्यावर, एक त्या कोपऱ्यावर, मधे दोरी ताणलेली. दोरी नीट ताणली असेल तर पलीकडच्या माणसाचा हात हलला तरी आपल्या बोटाला कळतं. चाळीस वर्षं आम्ही असे एका दोरीला होतो. त्याच्या हाताला दारूचा कंप सुरू झाला तो मला डोळ्यांनी दिसायच्या आधी दोरीतून कळला. मी काही बोललो नाही. आपल्याला काय करायचंय, असं मला वाटलं. माझं असंच असतं.

दिसायला तो साधा. बुटका, खांदे रुंद, कपाळावर चिऱ्याची लाल धूळ कायमची बसलेली, आंघोळीनंही जायची नाही. चिऱ्याशी बोलायची खोड. चिरा उचलला की फिरवून बघायचा, तासायचा आणि विचारायचा, "कुठं बसणार तू?" बसवला की वरून थापीच्या दांड्यानं एक टोला. "बसला." दिवसातून दोनशे वेळा तो "बसला" म्हणायचा. मालक लोक हसायचे. पण त्याची भिंत ओळंब्यात असायची, शुद्धीत असला की.

शुद्धीत नसला की काय व्हायचं ते आता सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

शिरगावच्या बाजूला आमची वाडी. त्याच्या घरामागं विहीर होती, जुना कठडा एका पावसात ढासळला. दुसऱ्यांच्या विहिरी बांधणारा माणूस, स्वतःच्या विहिरीला बांबू आडवे टाकून वर्षभर बसला. बायको पार्वती रोज बोलायची. शेवटी एका शनिवारी चिरे आणले, बांबू काढले आणि दोन थर लावले. तिसऱ्या थराला माल कालवायचा तर तो उठला आणि गुत्त्यावर गेला. मी वाटेत भेटलो. म्हटलं, "गंग्या, कठडा पुरा कर आधी." म्हणाला, "उद्या."

त्याची मुलगी मंदा सहा वर्षांची होती. चार थरांचा कठडा होतो. दोन थरांची पायरी होते. ती पायरीवर चढली आणि आत वाकून बघायला गेली. एवढंच. तिला बाहेर मी काढली.

चौथ्या दिवशी पार्वती गाठोडं घेऊन अंगणात आली. गंगाराम ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. माझी बायको शेवंता तिला धरून होती. पार्वतीनं त्याच्याकडं बघितलं नाही. विहिरीकडं बघितलं आणि म्हणाली, "जाते."

आमच्याकडं निघताना कोणी जातो म्हणत नाही. दुकानात निघाला तरी येतो म्हणतो, मुंबईला निघाला तरी येतो म्हणतो. जातो म्हणून फक्त एकाच ठिकाणी जातात. शेवंता घाबरून म्हणाली, "अगं, येते म्हण."

पार्वती म्हणाली, "येणार नाय, तर येते कशाला म्हणू?"

आणि लांज्याच्या पुढं तिच्या माहेरी गेली. गंगारामला पुढं तीस वर्षं एकच गोष्ट पाहिजे होती. तो एक शब्द तिच्या तोंडून फिरून यावा. घर, पोरंबाळं, दुसरं लग्न, कशाचीही त्याला पडली नव्हती. ते "जाते" त्याच्या कानात चिऱ्याच्या कपचीसारखं रुतून बसलं होतं.

पहिलं वर्ष तो माणसात नव्हता. मी त्याला कामावर नेणं सोडलं, कारण मालक नको म्हणायचे. मग गावातल्या ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीच्या गडग्याचं, कुंपणाच्या भिंतीचं, काम निघालं. मोठं काम नव्हतं, चांगला गवंडी कोणी मिळेना, म्हणून ते गंगारामकडं आलं. मार्थाबाई म्हणून एक निवृत्त नर्स होती, ती काम बघायला यायची. हाडकुळी, पांढरं पातळ, एका कानानं बहिरी. नवऱ्याच्या थडग्याशेजारी खुर्ची टाकून बसायची आणि आपलं पुस्तक वाचायची. बहिरी असल्यामुळं वाचायची ते मोठ्यानं. ते तिला माहीत नव्हतं.

गंगारामनं मला हे नंतर सांगितलं. एका माणसाची पोर मेली, घरात रडारड चाललीय, आणि येशू येतो, तिचा हात धरतो आणि ऊठ म्हणतो, हे तिनं वाचलं. इकडं गंगारामनं थापी फेकून दिली. तिच्या समोर जाऊन ओरडला, "बाई, ते वाचू नका. माझी पोर नाय उठली."

मला वाटलं, बाईनं त्याला काहीतरी उपदेश केला असेल. तसं झालं नाही. तिनं पुस्तक मिटलं, चांगला कान पुढं केला आणि विचारलं, "नाव काय तिचं?"

वर्षभरात त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे "ती पोर" म्हणायचो. तिचं नाव काढलं की तो चवताळेल म्हणून आम्ही भीत होतो. मीसुद्धा.

"मंदा," तो म्हणाला.

"मंदा," मार्थाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, मंदाला खायला काय आवडायचं. म्हणाला, तांदळाची बोरं. तिसऱ्या दिवशी विचारलं, केवढी होती. त्यानं हात दाखवला. बाई म्हणाली, "गवंडी ना तू? नीट माप सांग." तेव्हा त्यानं बांबूची एक काठी तोडली आणि मंदाच्या उंचीएवढी कापली. कापून झाल्यावर त्या काठीवर हात ठेवून तिथंच बसला. बाईही बसून राहिली. काम संध्याकाळपर्यंत बंद.

असं महिनाभर चाललं. त्या महिन्यात त्यानं दारू सोडली असं मी म्हणणार नाही. दोनदा पिऊन गेला. बाईनं दोन्ही वेळा त्याला चहा दिला आणि गडग्याचा ढासळलेला भाग दाखवला, "हा काल तू बांधलास. आज काढ." त्यानं काढला. तिसऱ्यांदा पिऊन गेला नाही.

मग एका दुपारी तो माझ्या कामावर आला. मी परांचीवर होतो. खालून हाक मारली, "शांतू." मी वाकून बघितलं तर तो हसत होता. दात दिसत होते. मला पहिला विचार आला तो असा, की आज लावलेली दिसते.

"शांतू, सिमिटाची गोण पाठीवरनं उतरवली की माणूस दोन पावलं पुढं जातो ना, तोल जातो ना? तसं झालं माझं. पडता पडता वाचलो."

"कुठं पडलास?"

"पडलो नाय रे. गोण उतरली."

मी म्हटलं, "गंग्या, पोर बुडवलीस आणि हसतोस?" मी असंच म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

त्याचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एका तोंडावर मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, "बुडवली ती मीच. ते कोण पुसणार? पण मला वाटायचं, ती तिथं खाली हाय आणि मी वर हाय, आणि एवढंच हाय. आता कळलं, तिचा हात धरणारा कोणीतरी हाय. तो तिला उठवणार. आणि तेव्हा मी तोंड चुकवून उभा राहणार नाय. माझं पाप त्यानं अंगावर घेतलं म्हणतात बाई. मी म्हटलं, मग मी काय करू? बाई म्हणाल्या, जग."

हे मला तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटलंय असं नाही. मी ख्रिस्ती झालो नाही. मला कोणी 'तूही हो' म्हटलं नाही, मीही झालो नाही. पण एक गोष्ट खरी. दुसऱ्या आठवड्यात तो माझ्या दोरीला परत उभा राहिला आणि दोरी हलली नाही.

त्याच्या बाप्तिस्म्याला मी गेलो होतो. समुद्रात करायचा होता, भाट्याच्या किनाऱ्यावर. मंदा गेल्यापासून तो पाण्याला भ्यायचा. आंघोळसुद्धा बसून, तांब्यातांब्यानं, डोक्यावर घ्यायचा नाही. खाडीच्या पुलावर एसटीत डोळे मिटून घ्यायचा. पाद्री कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोलावत होता आणि हा ओल्या वाळूवरून हलेना. मी म्हटलं, "नको वाटतंय तर चल घरी." तो माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "शांतू, जातो."

जातो म्हणाला.

पलीकडं एक म्हातारा जाळी वाळत घालत होता. त्यानं विचारलं, "काय ओ, बुडवतायत काय त्याला?"

मी म्हटलं, "नाय. काढतायत." माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही.

पाद्र्यानं त्याला पाण्याखाली घातला आणि वर घेतला. खोकला, नाकातोंडातून खारं पाणी, आणि मग हसू. धडपडत किनाऱ्याला आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "आलो."

वाडीत लोक त्याला चिडवायचे. "काय रे, आता डिसोजा म्हणायचं काय तुला?" तो म्हणायचा, "नाव तेंच. गंगाराम. पयला गंगाराम मेला, त्याची भांडीकुंडी मी वापरतो." एक जण म्हणाला, "मग त्याची बायको?" तो म्हणाला, "ती त्याच्यावर रागावलीय. बरोबर हाय तिचं." पुढं कोणी चिडवलं नाही.

चिडवणं परवडलं असतं. शिमग्याच्या आधी वाडीची बैठक झाली आणि ठरलं, की ह्या वर्षापासून देवाची पालखी गंगारामच्या दारात न्यायची नाही. तिथं मीही बसलो होतो. हात वर करा म्हटल्यावर मीही केला. सगळ्यांनी केला, मी एकट्यानं खाली ठेवून काय दिवे लावणार होतो? पालखी आली त्या दिवशी ढोल त्याच्या घरावरून तसाच पुढं गेला. तो दारात उभा होता. पाण्याची कळशी आणि गुळाचे खडे घेऊन. म्हणाला, "देवाला नाय ओ. तुमच्या खांद्यांना. ऊन हाय." चार खांदेकरी थांबले आणि पाणी प्यायले. बाकीचे मान खाली घालून गेले. मी बाकीच्यांत होतो.

दुसऱ्या दिवशी कामावर दोरी ताणताना तो पलीकडून म्हणाला, "शांतू, बैठकीत तुझा हात वर होता ना?"

"कोणी सांगितलं?"

"दोरीतनं कळलं," म्हणाला आणि हसला. तो विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची दोन कामं कायमची झाली. एक म्हणजे उघड्या विहिरी. कुठं कठडा नसलेली, पडलेली विहीर दिसली, की मालकाच्या दारात जायचा. "चिरे तुम्ही द्या, हात माझे." मजुरी नको. मंदाची ती काठी बरोबर असायची. विहिरीच्या कडेला काठी उभी करायचा, तिच्यावर एक वीत धरायचा आणि तिथपर्यंत कठडा. एक मालक म्हणाला, "एवढा उंच कशाला? पाणी काढताना बायकांचे हात भरून येतील." गंगाराम म्हणाला, "हात भरले तर चोळून बरे होतात." शेवटच्या थराला गाणं म्हणायचा, प्रार्थनेतलं कुठलं तरी. गळा अगदीच भसाडा. बायका कळश्या घेऊन हसत उभ्या राहायच्या. तोही हसायचा. कामाच्या वेळी त्याच्याइतका खुशीत असलेला माणूस मी बघितला नाही, आणि काम तर ते, आपल्या मेलेल्या पोरीच्या उंचीचं. हे कोडं मला चाळीस वर्षांच्या दोरीतूनही उलगडलं नाही.

दुसरं काम म्हणजे पार्वतीच्या माहेरी जाणं. महिन्यातून एक दिवस. लांज्याची एसटी, पुढं चालत. एकदा मी गेलो होतो त्याच्याबरोबर. पार्वती पडवीत सुपानं तांदूळ पाखडत होती. तिनं वर बघितलं नाही. तिच्या भावानं तांब्या आणून ठेवला आणि आत गेला. गंगाराम पायरीवर बसला. घरात काय पडलंझडलंय ते बघितलं, जोत्याचा एक चिरा सुटला होता तो बसवला. "बसला," म्हणाला. तिच्या सुपाचा आवाज एकसारखा. दोन तासांनी उठला, चपला घातल्या आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "येतो."

सूप क्षणभरही थांबलं नाही.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "किती वर्षं अशी फुकट घालवणार?"

"फुकट कसली? तिनं मला हाकललं नाय."

"एक शब्द बोलली नाही ती."

"तिचा शेवटचा शब्द जाते होता. तो तिनं उगाच नाय म्हटला. त्याच्यावर दुसरा शब्द बसवायचा तर खाली पाया पक्का पाहिजे. मला घाई नाय." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "पण शांतू, मी मरायच्या आधी व्हायला पाहिजे. मंदा उठेल तेव्हा विचारेल, आये कुठं हाय. मी काय सांगू?"

त्याच्या आनंदाला ही एक चीर होती. बाकी सगळीकडून तो घट्ट होता, तिथून गळायचा.

माझी शेवंता गेल्या दिवाळीच्या आधी गेली. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दवाखान्यात होती. मी घरून डबा आणायला निघालो, तिनं विचारलं, "जाताय?" मी म्हटलं, "मग? डबा कोण आणणार, तुझा बाप?" एवढं बोलून निघालो. येतो म्हणायचं राहिलं. डबा घेऊन परत आलो तर पडदा ओढलेला होता.

गंगाराम त्या दिवसापासून रोज यायचा. लोक येऊन बोलायचे, सुटली बिचारी, देवाची मर्जी. हा भांडी घासायचा, चूल सारवायचा, पेज करायचा. एक दिवस मी त्याला म्हटलं, "माझ्या घरात हसायचं नाय." तो हसत नव्हता, तरी म्हटलं. म्हणाला, "नाय हसत." मग पेज माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "नाव काय तिचं?"

मी म्हटलं, "वेड लागलं काय? शेवंता."

"शेवंता," तो म्हणाला. "तिला खायला काय आवडायचं?"

तेव्हा मी रडलो. त्याच्या आधी रडलो नव्हतो.

त्याचा खोकला तेव्हाच वाढला होता. जन्मभराची चिऱ्याची धूळ. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं दगडासारखी झालीत. गंगारामला ह्याचंही हसू आलं, "ती पण बसली म्हणायची." होळीनंतर तो अंथरुणातून उठेना. प्रार्थनेची माणसं आळीपाळीनं यायची, मार्थाबाई तर कधीच वारली होती. एसटीनं जाणं बंद झालं. दोन महिने तो लांज्याला गेला नाही. नुसता दाराकडं बघत पडायचा. काठी उशाशी भिंतीला टेकवलेली.

मग मी गेलो. त्याला न विचारता. सकाळची एसटी धरली.

पार्वती म्हातारी झाली होती. पडवीतच होती. मला बघून म्हणाली, "भावजी, तुम्ही?" आणि माझ्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं. दोन महिने तिनंही मोजले असावेत.

मी म्हटलं, "वहिनी, तो चाललाय. आठ दिवस काढेल, कदाचित नाही काढणार."

ती पडवीच्या कडेला टेकली.

"मी तुम्हाला 'त्याला माफ करा' म्हणायला आलो नाही. ते मला सांगता येत नाही. माझी शेवंता गेली. मी तिला येतो म्हणायचं विसरलो. एवढाच शब्द. आता सकाळसंध्याकाळ तोच तोंडात येतो आणि ऐकायला कोणी नाही. तुमचं तसं होऊ नये म्हणून आलो."

"शेवंता गेली?" तिला माहीत नव्हतं. पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "भावजी, मी माफ केलं तर मंदाचं काय? तिच्या वाटचं मी कसं देऊ?"

मी म्हटलं, "येतो," आणि निघालो. रस्त्यापर्यंत आलो तर मागून चपलांचा आवाज. पुतण्याला बरोबर घेऊन ती येत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. पार्वती अंगणात थांबली. आधी विहिरीकडं गेली. कठडा त्यानं कधीच पुरा केला होता, काठीवर एक वीत. त्याच्यावर तिनं हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग घरात आली.

गंगारामनं तिला बघितलं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. तिची नजर काठीवर गेली. ती काठी तिनं उचलली, जमिनीवर नीट उभी केली आणि वरच्या टोकावर तळहात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवतात तसा. मला वाटतं तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

"एवढीच होती," ती म्हणाली.

"एवढीच," गंगाराम म्हणाला.

तीस वर्षांत त्या दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं. मी पुतण्याला घेऊन बाहेर ओटीवर बसलो. आत फार आवाज नव्हता. एकदा ती रडली. एकदा गंगाराम काहीतरी सांगत होता, मधे मधे दम घेत, हात धरून उठवण्याचं. ती म्हणाली, "मला ते कळत नाय." तो म्हणाला, "मलापण सगळं नाय कळलं."

शेवटच्या एसटीच्या आधी ती बाहेर आली. काठी तिच्या हातात होती. "ही नेते," तिनं आत बघून सांगितलं. आतून आवाज आला, "ने." उंबऱ्याबाहेर येऊन तिनं चपला घातल्या. पदर सारखा केला. दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर थांबली, अर्धी वळली, आणि म्हणाली,

"येते."

हळूच म्हणाली. रोज बायका म्हणतात तसं. कदाचित तिच्या जिभेनं सवयीनं म्हटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण ती सवय त्या बाईनं ह्या एका उंबऱ्यापुरती तीस वर्षं मोडून ठेवली होती.

तिला स्टँडवर एसटीत बसवून मी परत आलो. गंगाराम उशीवर सरकून दाराकडं तोंड करून पडला होता. छाती भात्यासारखी चाललेली, ओठ काळे पडलेले, आणि चेहऱ्यावर ते हसू, परांचीखाली उभा राहून हसला होता तेच.

"एसटी मिळाली?"

"मिळाली," मी म्हटलं. "गेली ती."

"गेली नको म्हणू," तो म्हणाला. दम लागला, थांबला. "येते म्हणालीय."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो संपला. पार्वती आली, पण मातीला. जांभ्याचा तो लाल चुरा तिनं ओंजळीनं टाकला, आणि आम्ही सगळे निघालो तरी ती तिथंच उभी राहिली. निघताना खड्ड्याकडं बघून काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

मला तो दिसतो तो त्या संध्याकाळचा. दार उघडं, बाहेर अंगण रिकामं, आणि अंथरुणातून मान वळवून तो त्या रिकाम्या वाटेकडं बघतोय. कोणीतरी वळणावरून येताना दिसलंय, असं.